आठवड्याची सुई आणि मयूरीचं केळवण

माझी एकतीस वर्षं लोकांना ‘दुखत नाही हो’ असं सांगण्यात गेली. नारायण पेठेत आमच्या डॉक्टरांचा मधुमेहाचा दवाखाना. डॉक्टरांच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फ्रीज. ती माझी. डॉक्टर चिठ्ठीवर इन्सुलिन लिहायचे आणि पेशंटला माझ्याकडे पाठवायचे. सुई कशी लावायची, कुठे टोचायची, रोज जागा कशी बदलायची, हे सगळं मी शिकवायचे. शिक्षणाने नर्स, पण दिवसभर काम मास्तरणीचं.

इन्सुलिन म्हटलं की लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं. एक निवृत्त हेडमास्तर माझ्यासमोर हात जोडून बसले होते. “सिस्टर, दहा गोळ्या द्या, कडू काढा द्या, पण सुई नको.” आयुष्यभर पोरांना छडी मारलेला माणूस चार मिलिमीटरच्या सुईला घाबरतो हे बघून मला हसू यायचं. मी त्यांच्याच हाताने त्यांच्या पोटाला टोचायला लावायचे. मग ते डोळे उघडून म्हणायचे, “झालं?” त्या ‘झालं?’वर मी इतकी वर्षं काढली. मला माझ्या कामाचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

मग ही वजन कमी करण्याची आठवड्याची सुई आली आणि सगळं उलटंच झालं. आजवर सुई नको म्हणून रडणारे बघितले होते, आता सुई द्याच म्हणून हटून बसणारे यायला लागले. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन आले, किंमत ऐकली आणि मला म्हणाले, “असं करू, मी अर्धाच डोस घेतो. वजनही अर्धंच कमी होऊ दे, माझी तक्रार नाही.” मी म्हटलं, “अहो, मग पोटही अर्धंच आत जाईल, चालेल?” दोघी जावा आल्या, त्यांना एका पेनात दोघींचं भागवायचं होतं. “सुई नवी लावू की! टूथब्रश थोडाच आहे?” मी म्हटलं, “बाई, एक वेळ टूथब्रश वापरा एकमेकींचा, पण हे नको.” एकाने बर्फाच्या कप्प्यात ठेवून पेन गोठवलं आणि ते घेऊन माझ्याशी भांडायला आला. फ्रीजमध्ये ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं ना, म्हणे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड बॉलपेनसारखं पेन असतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पोटाला किंवा मांडीला टोचायचं. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भूकच मरते. दोन घास खाल्ले की पुरे वाटतं. सुरुवात अगदी लहान डोसने करायची, निदान महिनाभर तिथेच थांबायचं, मग डॉक्टर सांगतील तसं एकेक पायरी वर जायचं. या पायऱ्यांवरच सगळ्यांची घाई. लहान डोसात वजन फारसं हलत नाही, आणि लोकांना पैसे दिल्याक्षणी काटा मागे गेलेला हवा असतो. लहान डोस वजनासाठी नसतोच, तो पोटाला सवय लागावी म्हणून असतो, हे मी दिवसातून दहा वेळा सांगायचे.

त्रास काय होतो? मळमळ तर बहुतेकांना होते. उलट्या, जुलाब, नाहीतर चार-चार दिवस पोट साफ नाही. ढेकर अशी येते की शेजारचा माणूस उठून जाईल. भराभर वजन उतरलं की केस गळतात, चेहरा ओघळतो. क्वचित पित्ताचे खडे होतात, आणि फार क्वचित स्वादुपिंड सुजतं. मूल हवं असेल तर आधी दोन-तीन महिने बंद करावं लागतं. आणि खर्च! परदेशी कंपन्यांचं आलं तेव्हा महिन्याला चौदा-पंधरा हजार, डोस वाढला की वीसच्या वर. पुढे आपल्याकडच्या कंपन्यांनीही काढलं, किंमत उतरली आणि रांग वाढली. बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, हे आमचे डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगायचे. ऐकायचं कोणी नाही.

मयूरी आली ती मार्गशीर्षात, तिच्या आईबरोबर. धायरीचं जुनं घर त्यांचं. शेत बिल्डरकडे गेलं, त्यावर आता बारा मजले उभे आहेत आणि त्यातला एक फ्लॅट यांचा. वडील गेलेले. मयूरी सत्तावीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला, वजन ब्याण्णव किलो. लग्न ठरलं होतं, वैशाखातला मुहूर्त. मुलाची आई साखरपुड्यात हसत हसत म्हणाली होती, “जरा चालायला लावा हो हिला, फोटोत दोघं शोभली पाहिजेत.” तेवढंच बोलली बाई. पण मंगलताईंच्या, म्हणजे मयूरीच्या आईच्या, डोक्यात ते पक्कं बसलं.

“सिस्टर, पाच म्हयनं हायेत. हुईल ना पोरगी बारीक?” त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

“आई, प्लीज! बस तरी आधी,” मयूरी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. “सिस्टर, मला स्वतःलाही करायचंय हं. जिना चढताना दम लागतो. आईचं सगळं मनावर घेऊ नका.”

साखर वाढायला लागली होती, वजनही तेवढं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, मूल कधी हवंय, सगळं विचारलं आणि सुरू केलं. त्यात डॉक्टरांची चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्याची चूक सांगणार आहे ती व्यक्ती वेगळी आहे.

पहिली सुई तिने माझ्यासमोर घेतली. “झालं?” म्हणाली, आणि मला ती तिथेच आवडली. पहिले दोन महिने पेशंटचे फोन मीच घ्यायचे, ही आमच्या दवाखान्याची पद्धत. डॉक्टरांपर्यंत काय न्यायचं आणि काय नाही, ते मी ठरवायचे. हिचे फोन येत राहिले, पण त्यात तक्रार कमी आणि गप्पा जास्त. “सिस्टर, आज मीटिंगमध्ये असली ढेकर आली ना, सगळ्यांनी कॅमेरे बंद केले!” मी फोनवर इतकी हसले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

माझ्याकडे एक हाताने लिहिलेला कागद होता, ‘लगेच हॉस्पिटल गाठा’ म्हणून. झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झाली होती. मयूरीने तो नेला आणि पुढच्या वेळी स्वच्छ टाइप करून आणला, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्यांनाही वाचता येईल असा. दिवसभर उलट्या थांबत नसतील तर. लघवी कमी झाली तर. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल तर. शेवटच्या ओळीखाली तिने जाड रेघ मारली होती. “ही सगळ्यात डेंजरस आहे ना? गूगल केलं मी,” म्हणाली. शंभर प्रती स्वतःच्या ऑफिसात छापून आणल्या पोरीने.

चैत्र लागेपर्यंत ती अठरा किलो उतरली. फार वेगाने. डॉक्टरांनी दोनदा टोकलं, डोस वाढवायला साफ नकार दिला. मंगलताई माझ्या मागे लागल्या, “तुमी सांगा की डाक्टरास्नी.” मी नाही सांगितलं, तेवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. तिचं कसं चाललंय ते मात्र मला कळलं होतं. तिनेच सांगितलं. केळवणं सुरू झाली होती. आत्या, मावश्या, मामा, आईच्या भिशीतल्या बायका, दर शनिवार-रविवारी कोणाकडे तरी जेवण. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, आणि मग आग्रह. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर ‘आत्तापासूनच सासरची झाली’ म्हणून फुगणार. म्हणून सोमवार ते शुक्रवार ही मुलगी ताक आणि दोन बिस्किटांवर राहायची, आणि शनिवार-रविवारी पंगतीत बसून गिळायची. नंतर घरी जाऊन उलटी.

“अगं, हे बरं नाही,” मी म्हटलं. “त्यांना सांग ना सरळ, इंजेक्शन चालू आहे म्हणून.”

“सिस्टर, वेड लागलंय का? दोन तासांत सासरी पोचेल. सुई घेऊन बारीक झाली म्हणतील.”

हे मी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं. घातलं नाही. लग्नाला महिना राहिलाय, निभेल, असं मला वाटलं.

आणि मग मी जे केलं ते असं. मी तिला केळवणाला बोलावलं.

माणूस इतकं कसं मूर्ख असू शकतं, असं आता तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण आपल्याकडे ज्या मुलीवर जीव जडला, जिचं लग्न ठरलं, तिला जेवायला बोलवायचं नाही, तर मग प्रेम दाखवायचं कसं, हे मला आजतागायत माहीत नाही. मंगलताई त्या रविवारी पत्रिका वाटायला मांजरी गावाला गेल्या होत्या, आणि ‘आईला सांगत नाही, ती वजनावरून बोलेल’ असं म्हणत ती एकटीच आली. हापूसची पहिली पेटी उघडली होती. आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, कुरडया. माझ्या हातचा मसालेभात पेठेत प्रसिद्ध आहे. मी तिला ओवाळलं, साडी दिली, पानाभोवती रांगोळी काढली होती, ते बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन पुऱ्यांवर ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, “सिस्टर, बास ना? तुम्हीच सांगता, पोट भरलं की थांबायचं.”

मी म्हटलं, “आज मी सिस्टर नाही. आज मी काकू. अगं, माझ्याकडे येऊन दोन पुऱ्यांवर उठणार?” आणि गरम पुरी तिच्या पानात टाकली. मग अजून एक. वर रसात चमचाभर तूप. तिने सगळं खाल्लं. माझ्यासाठी खाल्लं. एकतीस वर्षं ज्या तोंडाने ‘अर्धं पान, हळूहळू, थांबा’ असं सांगत आले, त्याच तोंडाने मी तिला भरवत होते, आणि मला भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. दवाखाना तुडुंब होता. आवाज बारीक.

“सिस्टर, रात्रीपासून उलट्या होतायत. पोटात दुखतंय. खूप.”

“काल जरा जड झालं असेल गं. गॅस असेल.”

मग म्हणाली, “सिस्टर, पाठीतपण जातंय.”

तिने स्वतः टाइप केलेली ओळ होती ती. तिच्याच हातची जाड रेघ त्या ओळीखाली होती आणि तो कागद माझ्या टेबलावर, माझ्या कोपराखाली होता. मला ऐकू आलं नाही असं नाही. मला कळलं नाही असंही नाही. भिंतीपलीकडे डॉक्टर होते, चार पावलांवर. मी उठले असते आणि आत जाऊन सांगितलं असतं, तर त्यांचा पहिला प्रश्न आला असता, “काल काय खाल्लं होतं? कुठे?” बास. त्या एका प्रश्नाची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. गेले कित्येक महिने शोधते आहे, दुसरं कारण सापडत नाही.

मी म्हटलं, “उलट्या करून करून पाठ दुखते गं. ओवा खा, कोमट पाणी घे, पडून राहा. संध्याकाळी कळव.”

“नक्की ना?” तिने विचारलं.

“नक्की,” मी म्हटलं.

तिने गूगलवर वाचलेलं, स्वतः टाइप केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि माझं ऐकलं. संध्याकाळी फोन आला नाही. मीही केला नाही. बरं वाटलं असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि कुकर लावला.

मंगळवारी दुपारी ती बाथरूममध्ये कोसळली. मंगलताईंनी शेजाऱ्यांना बोलावून हॉस्पिटलात नेलं आणि मला फोन केला, तशी मी तिथे पोचले. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे झाले होते. त्यातला एक सरकून नळीत अडकला होता आणि स्वादुपिंड आतल्या आत सडायला लागलं होतं. ते कशाने झालं? सुईने, की उपाशी राहण्याने, की त्या तूप घातलेल्या रसाने? तिथले डॉक्टर म्हणाले, नेमकं सांगता येत नाही. एक दिवस आधी आणलं असतं तर? त्यावरही म्हणाले, सांगता येत नाही. डॉक्टर लोकांची ही पद्धत मला चांगली ठाऊक आहे. मीही हजार नातेवाइकांना हेच सांगितलंय.

पाच आठवडे ती अतिदक्षता विभागात होती. लग्नाचा मुहूर्त तिथेच निघून गेला. मुलाची आई एकदा फळं घेऊन आली, आणि नंतर निरोप आला की आधी मुलीच्या तब्येतीकडे बघा, आमची घाई नाही. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मी रोज जायचे. काचेतून बघायचे आणि यायचे. मंगलताई माझा हात धरून बसायच्या. “तुमी हायेत म्हणून धीर हाय बाई.” त्या हाताला काय वाटत असेल ते मला लिहिता येणार नाही.

ती वाचली. पण स्वादुपिंडाचा मोठा भाग मेला. इन्सुलिन तयार करणारी जागाच गेली म्हटल्यावर पुढे काय, ते सांगायला नको.

श्रावणात डॉक्टरांनी माझ्या खोलीत पाठवलं ते त्या दोघींना. चिठ्ठीवर इन्सुलिन, दिवसातून चार वेळा. मयूरी एकावन्न किलो. गालांची हाडं वर आली होती. बाहेर बसलेली एक बाई मंगलताईंना म्हणालीही, “काय शेलाटी आहे हो मुलगी तुमची!” मंगलताई पोरीचा हात धरून आत आल्या. मग माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, तुमीच शिकवा. दुसऱ्या कुणावर इस्वास न्हाय माजा.”

मी तिची फाइल उघडली. हॉस्पिटलातले कागद वाचायची सवय आहे मला. भरती होतानाची माहिती तिच्याच तोंडून घेतलेली होती. त्रास सुरू होण्याआधी काय खाल्लं, त्यापुढे लिहिलं होतं, ‘घरी साधे जेवण’. आधी कोणाला फोन केला होता का, त्यापुढे ‘नाही’.

औषधं आणायला मंगलताई खाली गेल्या. खोलीत आम्ही दोघीच. मी शिकवायचं सोडून विचारलं, “मयूरी, खोटं का सांगितलंस?”

ती पेनाचं टोपण काढत होती. वर न बघता म्हणाली, “मी शुद्धीवर होते तेव्हा तुम्ही आला होतात ना, पहिल्या दिवशी. आई आणि डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, कुठे गेली होतीस. तुम्ही तिथेच उभ्या होतात. मी वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून.” तिने सुई लावली, आकडा फिरवला. “तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला सांगायचं नसेल.”

रागाने म्हणाली असती तर मी पाय धरले असते तिचे. ती साधं सांगत होती. कुर्ता वर करून तिने पोटाची चिमटी धरायचा प्रयत्न केला. हाताला काही लागेना. मी उठून तिला मांडीला कुठे टोचायचं ते दाखवलं. मला दुसरं काय येतं?

मंगलताई जिना चढून आल्या. दारातच विचारलं, “झालं का शिकवून?”

मी “हो” म्हटलं. मयूरीही “हो” म्हणाली.

त्या महिनाअखेरीस मी काम सोडलं. वय झालं, गुडघे दुखतात, असं सांगितलं. डॉक्टरांनी शाल दिली, चार शब्द बोलले, निष्ठा आणि सेवा वगैरे. दवाखान्यात आता नवी मुलगी आहे, हुशार आहे, पाठीचं नाव काढलं की धावत डॉक्टरांकडे जाते. दिवाळी अंकासाठी लिहा, काही गमतीदार अनुभव असतील, असं संपादकांनी सांगितलं होतं. ढेकरेचा एक दिलाय.

यातली नावं बदलली आहेत. मंगलताईंचा फोन मात्र अजून येतो, आठवड्यातून दोन-तीनदा तरी. आज साखर तीनशेवर गेली, आज पोरगी घामाघूम झाली, काय करू? डॉक्टरांनी लिहून दिलंय तेच मी पुन्हा समजावून सांगते, आणि जास्त असलं की ताबडतोब दवाखान्यात न्या म्हणते. फोन ठेवताना त्या दर वेळी म्हणतात, “तुमी व्हता म्हणून वाचली हो माजी पोर.” मी ऐकून घेते. दर वेळी ऐकून घेते.